जाड बोटं: रुंद नेकची गिटार घ्यावी की सराव वाढवावा?

लेथवाला
मी भोसरीत टर्नर आहे. सव्वीस वर्षं लेथवर गेली, बोटं कशी झाली असतील ते वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी मुलीची गिटार सहज हातात घेतली आणि नाद लागला.

सी कॉर्ड धरतो. अनामिका पाचव्या तारेवर, मधलं बोट चौथ्या, तर्जनी दुसऱ्या. कॉर्ड बसते, पण तर्जनीची कड पहिल्या तारेला टेकते आणि ती तार ठप्प होते. क्लासमधले सर, दुकानदार, व्हिडिओवाले, सगळ्यांचं उत्तर एकच: सराव करा. आठ महिने रोज तासभर केला.

मग व्हर्नियर (बारीक मापाचं साधन) काढला. नटची, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदी ४३ मिमी. पण हा आकडा फसवा आहे. खरं माप पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं. माझ्या गिटारवर ते ३५.५ भरलं. मध्ये गाळे पाच, म्हणजे तारेपासून तार ७.१ मिमी. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला नट ५२ चा असतो, तारांचा पसारा ४३ च्या आसपास, म्हणजे गाळा ८.६. हा दीड मिलिमीटर लहान नाही. माझ्या बोटाला नेमका तेवढाच कमी पडतोय.

म्हणून माझं ठाम मत: ज्याची बोटं जाड, त्याला पहिली गिटार क्लासिकलच सुचवावी. यामाहाच्या स्टील तारांच्या एफ-३१० ला नट ४३, क्लासिकल सी-४० ला ५२, आणि दोन्हींच्या किमतीत फार अंतर नाही. तरी दुकानात सी-४० कुणी समोर काढत नाही. 'ती क्लासिकल शिकणाऱ्यांची' म्हणतात आणि विषय संपतो.

मंद्रसप्तक
साफ असहमत. पंधरा वर्षं शिकवतोय. दर बॅचला दोघं-तिघं 'माझी बोटं जाड आहेत' म्हणत येतात आणि त्यातल्या बहुतेकांची चूक अंगठ्यात असते. अंगठा नेकच्या वर डोकावला की बोटं आडवी पडतात. अंगठा मागे मधोमध ठेवा, मनगट थोडं पुढे काढा, बोटाचं टोक तारेवर उभं पडू द्या. नखं पार कापा.

आणि हातांचंच म्हणाल तर हवाईचे इझ्राएल कामाकाविवोओले आठवा. केवढा अगडबंब माणूस, केवढे हात, आणि वाजवायचे काय, तर छोटंसं युकुलेले! जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली, तरी त्यानं गिटार सोडली नाही. लाकूड बदलण्याआधी हात बदला.

लेथवाला
सर, अंगठ्याचं पटलं, उद्यापासून बघतो. पण युकुलेलेचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. शेजारच्या मुलाचं युकुलेले आणून मापलं. नट ३५ मिमी. पण तारा चारच! पहिली ते चौथी २८ मिमी, गाळे तीन, म्हणजे तारेपासून तार ९.३. माझ्या गिटारपेक्षा दोन मिलिमीटरहून जास्त मोकळी जागा. वाद्य लहान दिसतं म्हणून तारा दाटीनं असतात असं नाही. मोठ्या हाताच्या माणसाला ते सोपं का गेलं असेल ते आता कळतंय.

जँगोला बोटं कमी पडत होती. माझी अडचण त्याच्या उलटी आहे, आहेत तीच बोटं मावत नाहीत.

मंद्रसप्तक
युकुलेलेचं उदाहरण मागे घेतो. मी कधी मापलं नव्हतं.

पण रुंद नेकची किंमतही सांगा ना लोकांना. ५२ मिमीवर एफ कॉर्डची बॅरे (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं) धरून बघा. फिंगरबोर्ड सपाट, एका बोटानं सहा तारा दाबायच्या, नवशिक्याचं मनगट पाचव्या मिनिटाला भरून येतं. लहान हाताच्या मुलामुलींना तर ती गिटार नकोशी होते. शिवाय आपल्याकडे बहुतेकांना गाण्याबरोबर स्ट्रमिंग करायचं असतं. ती खणक नायलॉनला नाही.

घुमट
मडगावात गिटारी दुरुस्त करतो, म्हणून मध्येच बोलतो. खणक हवी म्हणून लोक क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवतात. कृपा करून हे करू नका. १२-५३ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टील सेटचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा साधारण ४० किलो. आतल्या पट्ट्या त्या हलक्या ताणासाठीच बसवलेल्या असतात, बहुतेकांच्या नेकमध्ये ट्रस रॉडही (नेक वाकू न देणारी सळईही) नसतो. आधी ब्रिजच्या (खोक्यावर तारा अडकवलेल्या पट्टीच्या) मागे पोट फुगतं, मग एके दिवशी ब्रिज उखडून हातात येतो. सध्या टेबलावर अशीच एक पडली आहे.

लेथवाला दादा, गिटार न बदलता थोडी जागा मिळू शकते. हाडाचा नवा नट बसवून खाचा कडेला सरकवायच्या. ४३ च्या नटवर पसारा ३७ पर्यंत नेता येतो, गाळा ७.४ होतो. त्याहून पुढे मी जात नाही, कारण पहिली तार ओढून सोडताना फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) कडेवरून घसरायला लागते.

पाचवी तार
टोरांटोहून. मधला मार्गही आहे. क्वेबेकमध्ये बनणाऱ्या सीगल एस-६ गिटारचा नट १.८ इंच, म्हणजे ४५.७ मिमी, आणि तारा स्टीलच्या. मी इथे वापरलेली घेतली, तीन वर्षं वाजवतोय, बॅरेलाही जड नाही. पुण्यात मागवायची तर मात्र ती यामाहाच्या बजेटमध्ये बसणार नाही. त्यापेक्षा कुणाची बारा तारांची जुनी गिटार मिळाली तर बघा. नेक रुंद असतो, जोडीतली एकेक तार काढून सहाच ठेवायच्या.

मंद्रसप्तक
सर्वांत स्वस्त उपाय राहिलाच. सगळ्या तारा एक स्वर उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. नेक पुढे रुंद होत जातो, कॉर्ड्स त्याच राहतात, पट्टीही तीच.

लेथवाला
काल रात्री करून बघितलं. दुसऱ्या फ्रेटवर पसारा ३७.५ भरला, गाळा ७.५. नवा नट न घालता तेवढंच मिळालं. अंगठाही मागे घेतला. सी धरली, एकेक तार छेडली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पहिली तार मोकळी वाजली. मुलगी आतून बाहेर आली बघायला.

पण ई अजून बसत नाही, दोन बोटं शेजारच्या तारांवर एकाच फ्रेटमध्ये येतात. आणि उतरवलेल्या तारा लुळ्या लागतात, जोरात छेडलं की सहावी फ्रेटवर खडखडते. घुमट दादा, त्यासाठी १३ चा सेट चढवला तर या गिटारला चालेल का? सी-४० चा विचार मी सोडलेला नाही. शनिवारी दुकानात जाणार आहे, व्हर्नियर खिशात घेऊन.

घुमट
१३ चा चालेल, तारा एक स्वर उतरवलेल्याच ठेवणार असाल तर. नटच्या खाचा मात्र तपासून घ्या, जाड तार अडकली तर सुरात राहणार नाही. आणि शनिवारी सी-४० वर आधी एफ धरून बघा, सी नंतर.