शब्द हवा: 'परफॉर्मन्स'ला गुणवत्ता, कामगिरी की संपादणूक?

कर्वेनगरकर: मंडळी, मदत हवीये. पिसा परीक्षेवर (ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना देशोदेशीच्या १५ वर्षांच्या पोरांची घेते ती, २००० पासून चालूय) लिहितोय, घरच्या परिस्थितीचा आणि मार्कांचा देशोदेशी कितपत संबंध असा विषय. 'परफॉर्मन्स'ला 'शैक्षणिक गुणवत्ता' टाकलं तर बायको म्हणते, ही काय दहावीची मेरिट लिस्ट आहे का.

हडपसरच्या बाई: वहिनींचं बरोबरे. गुणवत्ता म्हटलं की ती पोराच्या अंगचीच वाटते. आमच्या शाळेच्या कागदांवर 'संपादणूक' असतं, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण वगैरे, कानाला जड आहे पण आत्ता मुलाला काय येतंय एवढंच सांगतं. माझ्या आठवीत एक मुलगी आहे, गणिताच्या वहीच्या कोपऱ्यांवर कणकेची बोटं, आई धुण्याभांड्याला गेली की चपात्या हिच्याकडे आणि उदाहरणं पण तिथंच पोळपाटाशेजारी. हिची काय 'गुणवत्ता कमी' म्हणायची?

आकडेमोड्या: बाईंना +१. २०२२च्या पिसात ओईसीडी देशांत सुस्थितीतली वरची पाव मुलं आणि खालची पाव मुलं यांच्यात गणितात सरासरी ९३ गुणांची तफावत निघाली (तफावतच लिहा, विषमता समाजातली, तफावत मार्कांतली). आणि नुसतं 'आर्थिक' नको, ते पगार विचारून मोजत नाहीत, आईबापाचं शिक्षण, कामधंदा, घरात पुस्तकं किती असलं सगळं मिळून निर्देशांक काढतात. त्याला आपलं 'घरची परिस्थिती' फिट्ट बसतं. फक्त 'परिस्थितीमुळे' असं ठोकून देऊ नका बुवा, गुणांतल्या फरकापैकी सरासरी १५ टक्केच परिस्थितीशी जुळतो. व्हिएतनामसारख्या गरीब देशानं २०१२ला गणितात ५११ काढले, ओईसीडीची सरासरी होती ४९४.

कर्वेनगरकर: आणि आपण?

आकडेमोड्या: हिमाचल आणि तमिळनाडू बसले होते २००९च्या फेरीत, तळाला आले, मग २०२२पर्यंत आपण परत बसलोच नाही 😄

पेठेतला: विषमता शब्दावरून आठवलं, जोतीरावांनी १८८२ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुलं. तेव्हा विषमताच ठेवा, 'असमानता' फार गुळमुळीत वाटतं, उंचीसुद्धा असमान असते.

कर्वेनगरकर: ओके, संपादणूक फायनल. आता शेवटचं, खालच्या पावातली साधारण १० टक्के पोरं आपापल्या देशात वरच्या पावात येतात, त्यांना ते 'रेझिलियंट' म्हणतात. 'लवचीक' नको ना?

आकडेमोड्या: लवचीक म्हणजे योगासनवाली. 'चिवट' म्हणा.

हडपसरच्या बाई: चिवट भाकरी असते हो! 'तग धरणारी' लिहा.

पेठेतला: तग धरणारा नापास न होता टिकतो, ही तर पहिली येताहेत. माझं मत चिवटलाच.