सेन्सरचा दिवा: जुना विझत नव्हता, नवा लागतच नाही

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)

आमच्या घराच्या बाजूच्या बोळात, मागच्या दारावर, माणसाची चाहूल लागताच उजळणारा दिवा चार वर्षांपासून आहे. सेन्सर वेगळा आणि ३० वॉटचा एलईडी फ्लडलाइट वेगळा, अशी जोडणी आहे. मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास मी अगदी दाराशी पोहोचेपर्यंत तो लागत नसे. पहाटे दूधवाला आला की मात्र फाटकापासूनच लागे. पावसाळा सुरू झाल्यावर उलटेच झाले. एकदा लागलेला दिवा विझेनासा झाला, आणि सेन्सरवर टिचकी मारली तरच कधी कधी विझू लागला. शेवटी महाराणी रोडवरून नवा सेन्सर आणला. भाच्याने एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) बंद करून, रंगाला रंग जुळवून तो बसवला: भिंतीतून येणारी लाल वायर सेन्सरच्या लाल वायरला, काळी निळीला, आणि दिव्याकडे जाणारी वायर उरलेल्या तपकिरीला. आता दिवा लागतच नाही. दुकानदार म्हणतो की माल तपासून दिला होता. वायरमन म्हणतो की भिंतीतले सगळे वायरिंग बदलावे लागेल. कोणाचे ऐकावे?

उत्तर १

वायरिंगला हात लावण्यापूर्वी मे महिन्यातील तक्रारीचा उलगडा करून घ्या, कारण तो दोष यंत्राचा नव्हता. हा सेन्सर हालचाल पाहत नाही. शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या अदृश्य किरणांत, म्हणजे अवरक्त किरणांत, पडणारा फरक तो टिपतो. त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. इंदूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या वर तापलेली भिंत आणि फरशी रात्री आठलाही जवळपास त्वचेइतकीच गरम असते, त्यामुळे माणूस तिच्यापुढे वेगळा उठून दिसत नाही. माळव्यातील पहाट मात्र थंड असते, म्हणून दूधवाला लांबूनच ‘दिसतो’. खोक्यावर १२ मीटरचा पल्ला ठळक छापलेला असतो, पण आतल्या कागदावर बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असते की तो २४ अंशांपेक्षा कमी तापमानासाठी आहे.

नव्या सेन्सरला पावसापासून जपायचे असेल तर चारही बाजूंनी सिलिकॉन भरून टाका.

उत्तर २ (वायरमनचे काम केलेला)

सिलिकॉनबद्दल मी सहमत नाही. वरची कड आणि दोन्ही बाजू बंद कराव्यात, खालची कड मोकळी ठेवावी. अन्यथा आत शिरलेले किंवा दमटपणाने साचलेले पाणी बाहेर पडण्यास वाटच उरत नाही. वायरही वरून आत नेऊ नये. ती सेन्सरच्या खालून वळसा देऊन वर न्यावी, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमचा नवा सेन्सर बहुधा पूर्णपणे चांगला आहे आणि भिंतीतील वायरिंगही. घोळ रंगांनी केला आहे. आपल्याकडील घरांत लाल म्हणजे फेज (वीज आणणारी), काळी म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी). पण तीन वायरींच्या बहुतेक सेन्सरांत तपकिरी वायर फेज आत घेते, निळी न्यूट्रल असते आणि लाल वायर दिव्याकडे जाणारी, म्हणजे बाहेर पडणारी असते. भाच्याने घरातील फेज त्या बाहेरच्या लाल वायरला दिला. तपकिरी वायर दिव्यातून न्यूट्रललाच जाऊन मिळाली, त्यामुळे सेन्सरच्या दोन्ही टोकांना न्यूट्रल आला आणि तो जागाच झाला नाही. अशा चुकीने सेन्सर सहसा जळत नाही. तरीही झाकणाच्या आतला आकृतीचा कागद एकदा पाहा, कारण सर्वच बनावटींत रंग सारखे नसतात.

जोडणी बदलताना नुसत्या स्विचवर विसंबू नका. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला आढळतो, आणि मग दिवा बंद असला तरी वायरीत फेज असतोच. एमसीबी खाली करा, आणि टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो चांगला असल्याची खात्री करून मगच वायरींना लावा. शिडी धरायला दुसरा माणूस असावा. घरात कोणाला याची सवय नसेल तर एवढ्यासाठी वायरमन बोलावणेच बरे. मात्र त्याला भिंत फोडू देऊ नका.

उत्तर ३

जुना सेन्सर फेकला नसेल तर टिचकीचा अर्थ सांगतो. आत रिले असतो, म्हणजे विजेने उघड-बंद होणारा बारीकसा स्विच. एलईडी फ्लडलाइट लागण्याच्या क्षणी त्याच्या ३० वॉटच्या मानाने कितीतरी पट प्रवाह झटक्यात ओढतो, आणि त्या ठिणगीने रिलेचे संपर्कबिंदू हळूहळू चिकटू लागतात. म्हणूनच अनेक सेन्सरांवर साध्या बल्बसाठी १२०० वॉट आणि एलईडीसाठी ३०० वॉटच लिहिलेले असतात. टिचकीने विझणारा दिवा हे त्याचेच लक्षण. अशा वेळी सेन्सरची भिंग असलेली बाजू जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाकून बघावी. ठरलेल्या वेळेनंतर दिवा विझला, तर बाहेरचे काहीतरी त्याला जागवत आहे: शेजारच्या एसीची गरम हवा, मांजर, भिंगावर फिरणारी पाल. विझलाच नाही, तर दोष आत आहे.

नवा तपासताना लक्सचा, म्हणजे किती अंधार पडल्यावर दिवा लागावा हे ठरवणारा, खटका सूर्याच्या चिन्हाकडे आणि वेळेचा सर्वात कमीवर ठेवा. वीज दिल्यावर निदान मिनिटभर थांबा, कारण सुरुवातीला तो स्थिरावत असतो. आणि त्याच्याकडे सरळ चालत न जाता समोरून आडवे चाला. सेन्सरला आडवी हालचाल अधिक चांगली कळते.

प्रश्नकर्तीकडून

कागदावरील आकृती तंतोतंत वर सांगितल्याप्रमाणेच निघाली. भाच्याने वायरमनला सोबत घेऊन तपकिरी आणि लाल वायरींची अदलाबदल केली, आणि मिनिटभराने दिवा लागला. मात्र अंधार पडल्यावर तो दर काही सेकंदांनी लागून विझू लागला. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा त्याचाच प्रकाश सेन्सरला दिवस वाटत होता. फ्लडलाइट जरा खाली झुकवल्यावर ते थांबले. जुना सेन्सर उघडून पाहिला, तर रिलेचे बिंदू काळे पडून खरोखरच एकमेकांना चिकटलेले होते, आणि वायर वरून आत शिरत होती तिथे पाण्याचा पिवळट ओघळ होता. नव्या सेन्सरची वायर आता खालून वळसा घेऊन गेली आहे.