मदत हवी आहे: बॉम्बे रक्तगट आणि ठरलेली शस्त्रक्रिया

माझ्या आईच्या (वय 58) खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी ठरली आहे. नेहमीच्या चाचणीत तिचा गट ओ पॉझिटिव्ह आला, परंतु जुळणी करताना ओ गटाच्या चारही नमुन्यांच्या नळ्यांत तळाशी लाल गाठी दिसल्या, म्हणजे ते रक्त तिच्याशी जुळले नाही. पुढील तपासणीत तिच्या लाल पेशींवर एच प्रतिजनच (ओ गटासह जवळपास सर्वांच्या पेशींवर असणारा घटक, जो तिचे शरीर परका मानते) नसल्याचे, म्हणजे 1952 साली मुंबईत प्रथम नोंदला गेलेला बॉम्बे रक्तगट असल्याचे निश्चित झाले. त्यामुळे ओ निगेटिव्ह रक्तही तिला चालणार नाही. कृपया तो पर्याय सुचवू नये.

हा गट सख्ख्या भावंडांत आढळण्याची शक्यता अधिक असल्याने दोन्ही मामांची तपासणी केली. एकाचा गट जुळला, पण त्यांचे वय 67 असल्याने ते रक्तदान करू शकत नाहीत. माझा स्वतःचा गट साधा बी आहे. दुर्मीळ रक्तदात्यांच्या दोन यादींत नाव नोंदवले आहे. मात्र दाता मिळेलच याची खात्री कोणी देत नाही, आणि ते रास्तही आहे.

डॉक्टरांनी आईचेच रक्त आधी काढून ठेवण्याचा मार्ग सुचवला आहे. तिचे हिमोग्लोबिन 11.4 असून लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. आमच्या रक्तपेढीत पिशवी 35 दिवसच टिकते आणि पेशी गोठवून ठेवण्याची सोय नाही. ज्यांच्या घरी असे स्वतःचे रक्त साठवले गेले, त्यांनी पहिली पिशवी शस्त्रक्रियेच्या किती दिवस आधी काढली, आणि तारीख पुढे गेल्यावर त्या पिशव्यांचे काय केले?