मॅडी बोलली का नाही?

एक प्रश्न नेहमी येतो की गरिबी, स्थलांतर असले विषय मुलांच्या पुस्तकांत आणले की मुलं नुसती हळवी होतात, मग उपयोग काय? माझ्या मते गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली आहे, त्यावर ते ठरतं.

एलिनॉर एस्टिस यांचं ‘द हंड्रेड ड्रेसेस’ (१९४४) घ्या. अमेरिकेतल्या शाळेत पोलिश घरातली वांडा रोज तोच विटका निळा झगा घालून येते आणि घरी शंभर झगे आहेत म्हणते. मग काय, रोज तिची फिरकी. पण गोष्ट उलगडते ती मॅडीच्या मनातून. मॅडी स्वतः गरीब, दुसऱ्यांचे जुने कपडे वापरणारी. चिडवणं तिला खुपतं, तरी ती गप्प. उद्या आपला नंबर लागला तर? शंभर झगे म्हणजे वांडाने काढलेली चित्रं, हे कळेपर्यंत ते कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं. पुतणीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिला वांडाची कीव वगैरे काही आली नाही. ‘मॅडी बोलली का नाही?’ एवढंच तीनदा विचारलं.

(श्रीमंत मुलगा खेळणी वाटतो आणि सगळं गोड होतं, त्या गोष्टी मात्र खरंच नकोत.)

जरा मोठ्या मुलांना शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’ (२००६) द्या. शब्द नाहीत, नुसती चित्रं. पाट्यांवरची लिपीही काल्पनिक, त्यामुळे परक्या देशात उतरलेल्या नायकाइतकेच आपणही निरक्षर. पहिल्यांदा सोबत बसा, नाहीतर नुसतं चाळून ठेवून देतात.