कपडे उतरवणं आणि अपमान

"पैशासाठी कपडे उतरवायला लावणं हाच अपमान, बाकी चर्चा कशाला?" हा मुद्दा मला पटत नाही. अपमान नेमका कुठे होतो, हे असं नाचणाऱ्या बायकांनीच सांगितलंय.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'लस्टी लेडी' या नग्ननृत्याच्या क्लबातल्या नर्तकींनी १९९६-९७ मध्ये युनियन केली. तक्रार नाचाबद्दल नव्हती. एकतर्फी काचांआडून गिऱ्हाइकं चोरून चित्रण करायची, कृष्णवर्णीय मुलींना कामाच्या पाळ्या कमी मिळायच्या, याबद्दल होती. पुढे २००३ मध्ये ती जागाच त्यांनी विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवली. २०१३ मध्ये ती बंद पडली, पण तोवर मालकिणीही त्याच होत्या.

आपल्याकडे २००५ ची डान्सबारबंदी आठवा. तिथे तर बायका अंगभर कपड्यांत नाचत होत्या. स्त्रियांची प्रतिष्ठा जपायची म्हणून बंदी आणली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा जड असला की प्रतिष्ठेला धक्का लागत नाही? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी रद्द ठरवताना ७५ हजारांवर स्त्रिया बेरोजगार झाल्याचं आणि त्यांतल्या अनेकींना वेश्याव्यवसायात जावं लागल्याचं नोंदवलंय. मला याचा आजही संताप येतो.

कर्ज, दलाल, धमकी यांमुळे कुणी या धंद्यात अडकली असेल तर तो गुन्हाच, आणि असं सर्रास घडतं. त्यावर कारवाई हवीच. मात्र अपमान झाला की नाही हे ठरवताना तिला विचारा, तिच्या वतीने परस्पर लाजू नका.