मदत हवी आहे: दोन ओपन सोर्स लायब्ररी एकत्र करतोय, सामाईक कोड ठेवायचा कुठे?

नमस्कार मंडळी,

पायथनमधल्या दोन छोट्या लायब्ररी आम्ही एका रेपोत (कोडच्या भांडारात) आणतोय. एक मराठी शुद्धलेखन तपासते, ती मी सांभाळतो. दुसरी देवनागरीचं रोमन लिप्यंतर करते, ती एका मैत्रिणीची. गिट सबट्रीने (एक रेपो दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आणायची सोय) कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास शाबूत आला, टेस्टही चालतायत. घोडं अडलंय ते एका फाइलपाशी. दोघांकडेही 'नॉर्मलाइज' नावाचं फंक्शन आहे आणि काम एकच आहे असं धरून आम्ही ते एक करायला निघालो होतो.

उघडून पाहिलं तर काम अर्धंच एक आहे. आधी दोघंही युनिकोडचं एनएफसी चालवतो, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी सांकेतिक रूपं एका ठरलेल्या रूपात आणतो. मग कुणी 'अ' टंकून वर चंद्र दिला असेल तर त्याचा सलग 'ॲ' करतो. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि एनएफसी या दोन रूपांना एक मानत नाही, म्हणून ते हातानेच करावं लागतं. इथपर्यंत ओळ न ओळ सारखी.

फाटा फुटतो तो 'ऱ्या'वर. लोक तो दोन तऱ्हांनी टंकतात: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं चिन्ह). माझा कोड दुसऱ्या रूपाचं पहिलं करतो, तिचा कोड जॉइनर उडवूनच टाकतो. रोमनमध्ये समुद्र काय नि डोंगरातल्या दऱ्या काय, स्पेलिंग एकच, त्यामुळे तिचं काही बिघडत नाही. माझ्याकडे मात्र जॉइनर उडवला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि 'आचाऱ्यांना पैसे द्या' म्हणावं तर पैसे आचार्यांना जातात. दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणजे तपासनीस चूक दाखवणारही नाही.

ती म्हणते, 'जॉइनर काढू का' असा एक पॅरामीटर देऊ. मला ते पटत नाही. आज एक, उद्या नुक्त्यासाठी दुसरा, परवा अंकांसाठी तिसरा. तिने माझंच फंक्शन इंपोर्ट करावं म्हटलं, तर लिप्यंतर वापरणाऱ्याच्या गळ्यात माझा अख्खा शब्दकोश पडतो. तिसरं 'युटिल्स' पॅकेज काढायचं तर तो घरातला माळा होणार हे दिसतंयच. दोन प्रती तशाच ठेवल्या तर एकत्र कशाला आलो?

शिवाय परवाने वेगळे: माझी लायब्ररी जीपीएल ३ आहे (त्यातला कोड घेऊन वाटलं तर तेही जीपीएलखालीच द्यावं लागतं), तिची एमआयटी (जवळपास कसंही वापरा). माझ्याकडे पूर्वी पॅच देणाऱ्या एकाचा ईमेल आता परत येतो, त्यामुळे परवाना बदलायला त्याची संमती मिळणं कठीण.

कुणी असं काही निस्तरलं आहे का?

प्रतिसाद १

ल्यूसीन (मजकूर शोधायची लायब्ररी) आणि सोलर (तिच्यावर उभा असलेला सर्च सर्व्हर) यांचा इतिहास बघा. २०१० मध्ये दोन्हींचा विकास एकत्र झाला, तेव्हा सोलरमधला टेक्स्ट ॲनालिसिसचा कोड हळूहळू ल्यूसीनच्या ॲनालिसिस मॉड्यूलमध्ये गेला. २०२१ मध्ये सोलर पुन्हा स्वतंत्र प्रकल्प झाला, पण तो कोड ल्यूसीनमध्येच राहिला. अवलंबित्व एकाच दिशेचं होतं, सोलरला ल्यूसीन लागतं, उलट नाही, म्हणून ते जमलं. तुमच्याकडे दोघांनाही एकमेकांची गरज नाही. म्हणजे सामाईक भाग दोघांच्या खालीच हवा, कुणा एकाच्या पोटात नको.

पण खाली काय जाईल? अर्थ न बदलणारंच. एनएफसी आणि ॲ खाली जाऊ दे. जॉइनर उडवणं ही माहिती गाळणं झालं, ते लिप्यंतराच्या फोल्डरमध्येच राहू दे, आणि त्याला नॉर्मलाइज म्हणूही नका. तुमचा ऱ्याचा नियम शब्द बदलत नाही, म्हणून तो खाली चालेल. तिची टेस्ट त्याने मोडते का ते मात्र आधी पाहा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारावर) तिसरं पॅकेज टाकू नका. चाळीस-पन्नास ओळींसाठी वेगळा आवृत्ती क्रमांक कोण सांभाळणार? रेपोत एकच फोल्डर ठेवा आणि रिलीज करताना तो दोन्ही पॅकेजांत कॉपी होऊ द्या. पिप, म्हणजे पायथन पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन, स्वतःला लागणाऱ्या लायब्ररी अशाच पोटात घेऊन फिरतं. त्याचं कारण निराळं आहे, ते दुसरं काही इन्स्टॉल करायच्या आधी चालायला हवं, पण पद्धत तुम्हालाही उपयोगी पडेल.

परवान्याचं आधी गिट ब्लेमला विचारा, कुठली ओळ कुणी लिहिली ते तो दाखवतो. सारख्या दिसणाऱ्या ओळी मुळात कुणाच्या? तिच्या असतील तर एमआयटीखालीच खाली न्या. तो कोड जीपीएलमध्ये वापरायला अडचण नाही, अडचण उलट दिशेने आहे.

धागाकर्ता

ब्लेम पाहिलं. ॲ च्या ओळी तिच्याच रेपोतून माझ्याकडे आल्या होत्या, तेव्हा तो भाग सुटला. ऱ्याचा नियम त्या न सापडणाऱ्या माणसाचा आहे. म्हणून तूर्त तो माझ्याच फोल्डरमध्ये, जीपीएलखाली. तिला कधी लागलाच तर युनिकोडचा तक्ता समोर ठेवून ती स्वतः नव्याने लिहील, माझी फाइल न उघडता. तिचं जॉइनरवालं फंक्शन आता 'रोमनपूर्व' झालं.

राहिला एकच प्रश्न. जुन्या पत्त्यावरून नॉर्मलाइज इंपोर्ट करणारे लोक आहेत. तिथे डेप्रिकेशनची ('हे लवकरच काढणार आहोत' अशी) सूचना देणारं रिकामं फंक्शन किती रिलीज ठेवता तुम्ही? आणि तिच्याकडच्या जुन्या नावामागे आता कुठलं वागणं ठेवायचं, जॉइनर उडवणारं की राखणारं?