क्लुथा अपघात: कारण सापडले, हेतू नाही

‘ग्लासगोच्या हेलिकॉप्टर अपघातात रेकॉर्डर (उड्डाणाची माहिती आणि आवाज नोंदवणारा ब्लॅक बॉक्स) नसतानाही कारण सापडलेच, मग तो बसवण्याची सक्ती कशाला?’ असा मुद्दा मांडला जातो. तो मला अर्धाच पटतो.

29 नोव्हेंबर 2013 च्या रात्री स्कॉटलंड पोलिसांचे ईसी 135 हेलिकॉप्टर क्लुथा पबच्या छतावर कोसळले आणि त्यावरील तिघांसह 10 जणांचा मृत्यू झाला. हेलिकॉप्टरवर ब्लॅक बॉक्स नव्हता. त्या वजनाच्या यंत्राला नियमाने तो बंधनकारकही नव्हता. तरीही ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने विविध उपकरणांच्या स्मृतीत उरलेल्या नोंदी आणि अवशेष यांची सांगड घालून पुष्कळ काही उलगडले, हे मान्य करायला हवे. मुख्य टाकीत 76 किलो इंधन शिल्लक होते, मात्र ते इंजिनांना इंधन पुरवणाऱ्या छोट्या टाक्यांत ढकलणारे दोन्ही पंप बंद होते, आणि इंधन कमी असल्याचे इशारे वारंवार मिळूनही, 10 मिनिटांत उतरण्याची सूचना असताना, उड्डाण चालूच राहिले.

पण पंप बंद का राहिले? इशाऱ्यांनंतर कॉकपिटमध्ये काय बोलणे झाले? 2015 च्या अहवालाला याचे उत्तर देता आले नाही, आणि नेमके तेच आवाजाच्या नोंदीतून कळले असते. म्हणूनच पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर माहिती, आवाज आणि दृश्ये टिपणारी, आघातात टिकणारी यंत्रणा असावी, अशी शिफारस त्या शाखेने केली. आता हलक्या वजनाची उपकरणे मिळत असल्याने वजनाची सबब (एके काळी ती रास्तही होती) फारशी टिकत नाही.